विमानाचं डावं चाक

शहादेव ओव्हाळ साखर कारखान्याच्या वर्कशॉपचा फोरमन होता, पण त्या श्रावणात फोरमननं करावं असं काम कारखान्यात उरलं नव्हतं. दोन वर्षं धड पाऊस नव्हता. पाऊस नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून गाळप नाही. हंगामात जिथं उसाच्या गाड्यांची रांग लागायची, तिथं आता चारा छावणी होती आणि हजारभर जनावरं दावणीला उभी होती. शहादेव सकाळी आठला यायचा, टँकरचे गळके व्हॉल्व्ह बदलायचा, ट्रॅक्टरना वंगण घालायचा आणि पाचला वस्तीवर परत जायचा. वस्तीतला आयटीआय झालेला तो पहिला माणूस. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं चरकाचा बारा टनी रोलर कितीतरी वेळा उचलला होता आणि कुणाचं बोटसुद्धा चेंगरू दिलं नव्हतं. ह्याचा त्याला अभिमान होता, पण तो कधी बोलून दाखवायचा नाही.

अशा दिवसांत कारखान्याच्या धावपट्टीवर विमान आलं. ही पट्टी पूर्वीच्या एका चेअरमननं पुढाऱ्यांच्या सोयीसाठी करून घेतलेली. एरवी तिच्यावर उसाच्या ट्रॉल्या लावत. त्या वर्षी सरकारनं ढगात औषध सोडून पाऊस पाडायचं ठरवलं, आणि मोहनरावांनी, म्हणजे तेव्हाच्या चेअरमननी, चार ठिकाणी शब्द टाकून एक विमान आपल्या पट्टीवर उतरवून घेतलं. पांढरंशुभ्र, दोन पंख्यांचं, पोटाशी खाली पंख असलेलं. पंखांच्या मागच्या कडेला दोन्हीकडं बारा-बारा नळकांडी. ती ढगात नेऊन पेटवली की त्यांच्या धुरानं ढग पाणी सोडतो, एवढं सगळ्यांना समजलं होतं, आणि शहादेवलाही त्याहून जास्त ठाऊक नव्हतं.

दहा दिवस आभाळ कोरडं राहिलं. बाया येऊन विमानाच्या नाकाला हळदीकुंकू लावून गेल्या. विमानाचे पायलट कॅप्टन सेठना मुंबईचे, पन्नाशीचे, अबोल गृहस्थ. त्यांनी कुणाला अडवलं नाही. त्यांच्याबरोबर आलेला इंजिनिअर परेरा तिसऱ्याच दिवशी टँकरच्या पाण्यानं आजारी पडला आणि अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात दाखल झाला.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी दहाच्या सुमाराला औरंगाबादच्या हवामान केंद्रातून फोन आला. पाटोदा-शिरूर कासारकडं मोठे ढग जमतायत, वारा असाच राहिला तर तीनपर्यंत तुमच्या डोक्यावर येतील, तयार राहा. बातमी छावणीत गेली, छावणीतून गावांत गेली, आणि तासाभरात पट्टीच्या कडेला माणसं जमायला लागली. सेठनांनी इंजिनं चालू करून पाहायला म्हणून विमान पट्टीच्या टोकाशी नेलं. तिथं ते डावीकडं ओढायला लागलं आणि थांबलं. डावं चाक पार बसलं होतं. कुठल्याशा ट्रॉलीची तुटकी लोखंडी पिन डांबरात उभी राहिली होती, ती टायरच्या आरपार गेली होती.

नवा टायर-ट्यूब विमानातच होता. नव्हते ते जॅक. विमानाचे खास जॅक एका ट्रकमधून दुसऱ्या पट्टीवर गेले होते आणि ट्रक उद्या संध्याकाळच्या आत येणार नव्हता. मोहनरावांनी शहादेवला बोलावणं धाडलं.

तो आला तोवर त्याच्याच हाताखालचा फिटर निवृत्ती वर्कशॉपमधला हायड्रॉलिक जॅक घेऊन पंखाखाली वाकला होता. शहादेवनं त्याला थांबवलं. पंखाच्या पत्र्यावरून बोट फिरवलं, बोटाच्या गाठीनं हलकेच टकटक केलं. जेवणाच्या डब्यासारखा आवाज आला. इथं जॅक लावला तर विमान वर जायचं नाही, जॅकच पंखात जाईल, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं सेठनांना विचारलं, उचलायचं कुठून? सेठना म्हणाले, मी चालवतो, उचलतो परेरा. मग शहादेवनं मोहनरावांची जीप मागून घेतली आणि अंबाजोगाई गाठली.

परेरा वसईचा, चाळिशीचा. पुरुषांच्या वॉर्डात हाताला सलाइन लावून पडला होता, ओठ सुकलेले. शहादेवनं सगळं सांगितल्यावर तो उठून बसू पाहत होता, सिस्टरनं बसू दिलं नाही. तेव्हा त्यानं पडल्या पडल्या केसपेपरच्या पाठीवर विमानाचं चित्र काढलं आणि तीन ठिकाणी गोल केले. दोन पंखांखाली, एक नाकाखाली. प्रत्येक ठिकाणी बोराएवढी पोलादी गोटी आहे, विमानाचं सगळं वजन तिथंच पेलतं, दुसरीकडं कुठंही नाही. जॅकच्या डोक्यावर त्या गोटीच्या मापाची वाटी करून बसवायची, म्हणजे घसरणार नाही. तिन्ही जॅक एकाच वेळी, एकाच मापानं चढवायचे. एक बाजू चार बोटं पुढं गेली तर दुसरी घसरते. हातब्रेक सोडून ठेवायचा, कारण वर जाताना चाकं थोडी सरकतात आणि त्यांना सरकू द्यायचं असतं. पंख वर गेला तरी चाक बराच वेळ जमिनीलाच राहील, चाकाचा पाय आतून लांबत जातो, त्याला घाबरायचं नाही. नळकांडी आधी काढून लांब ठेवायची. आत कुणी बसायचं नाही. आणि चाक हातात आल्यावर टायरमधली उरलीसुरली हवा सगळी सोडल्याशिवाय त्याचे बोल्ट ढिले करायचे नाहीत.

शहादेवनं एकेक गोष्ट त्याला परत म्हणून दाखवली. परेरानं विचारलं, आजवर सगळ्यात जड काय उचललंय? शहादेवनं रोलरचं सांगितलं.

"तो रोलर लोखंड आहे, जिथं ठेवाल तिथं राहतो," परेरा म्हणाला. "विमान वाऱ्यावर उडायलाच केलेलं असतं, शहादेवभाऊ. वारा आला की जॅकवर असलं तरी ते उडायला बघतं. मी एक माणूस असा विमानाखाली गेलेला पाहिलाय. झाडाचं पान हललं, की खाली घ्यायचं. एवढा शब्द द्या, मग मी चिठ्ठी लिहितो."

शहादेवनं शब्द दिला. परेरानं सेठनांच्या नावानं चिठ्ठी लिहिली: विमान उचलायचं की नाही, हे हा माणूस सांगेल.

परतीच्या वाटेवर पश्चिमेला ढग दिसत होते. खालून काळे, वर कापसाच्या गंजीसारखे रचलेले. ड्रायव्हर एका हातानं गाडी चालवत सारखा त्यांच्याकडं बघत होता. शहादेवचंही मन आतून हललं होतं. त्याची बायको छबुबाई पहाटे चारपासून टँकरच्या रांगेत उभी राहायची, दोन घागरींसाठी. वस्तीवरच्या विहिरीत आता पोरं उतरून क्रिकेट खेळत. त्यानं ड्रायव्हरला जीप आणखी दामटायला सांगितलं.

वर्कशॉपला वीज नव्हती. जनरेटर दोन महिन्यांत चालू केला नव्हता, त्यातलं डिझेल टँकरना गेलेलं. ते आणवून, जनरेटर सुरू करून, लेथवर तीन वाट्या कातून होईतो अडीच वाजले. शहादेवनं घाई केली, पण मापात नाही. लाकडी ठोकळ्यांचे आडवे-उभे थर रचून तीन भक्कम ओटे केले, त्यांच्यावर जॅक बसवले. उजव्या पंखाला बंकट, नाकाला सुंदरराव, डाव्याला तो स्वतः. हे दोघेही त्याच्याच वर्कशॉपचे. चाक काढायला निवृत्ती. नळकांडी सेठनांनी स्वतः उतरवून पट्टीच्या पलीकडं नेऊन ठेवली.

पट्टीच्या दोन्ही कडांना दीड-दोन हजार माणूस उभं होतं. गडबड नव्हती. सगळे एकदा विमानाकडं आणि एकदा आभाळाकडं बघत होते.

शहादेवनं मोजायला सुरुवात केली. एक म्हटलं की तिघांनी एक दाब द्यायचा, आणि मग तो तिन्हीकडं फिरून मोजपट्टीनं उंची बघायचा आणि जॅकच्या डोक्याखाली आधाराला ठोकळे सरकवायचा. विमान बोटभर उचललं, चार बोटं उचललं. परेरानं सांगितल्याप्रमाणं चाकं जमिनीलाच होती, पाय लांबत होते. मग पश्चिमेकडून धुळीचा पहिला लोट आला. पट्टीच्या कडेच्या बाभळी वाकल्या. विमान कण्हल्यासारखं वाजलं आणि पंखाचं टोक वीतभर वर-खाली झालं. शहादेवनं लगेच खाली घ्यायला सांगितलं. ठोकळे काढत काढत, एकेक दाब सोडत, विमान पुन्हा चाकांवर आलं.

ज्या वाऱ्यावर ढग येत होता, त्याच वाऱ्यात विमान उचलता येत नव्हतं. ही गोष्ट शहादेवला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळली.

दहा मिनिटांनी वारा जरा पडला. पडला म्हणजे थांबला नाही. बाभळीचे शेंडे हलत होते. मोहनराव त्याच्याजवळ आले. ते ओरडणारे चेअरमन नव्हते. कारखान्यात ते शहादेवला कधी अरेतुरेच्या पलीकडं वावगं बोलले नव्हते.

"शहादेव, समदा तालुका बघायलाय," ते हळू म्हणाले. "ढग अर्ध्या तासाचा धनी हाय."

शहादेवनं शेंड्यांकडं बघितलं. पान हलत होतं. तरी त्यानं तिघांना जागेवर जायला सांगितलं. परेराला दिलेला शब्द त्याला आठवत होता, विसरला नव्हता. पण तोही त्याच तालुक्यातला होता.

ह्या वेळी जॅक भराभर चढले. चाक जमिनीपासून सुटलं, दोन बोटांची फट दिसली आणि माणसांमधून एक हुंकार आला. निवृत्ती पाठीवर सरकत आत गेला. त्यानं आसाच्या नटातली खीळ काढली, पान्हा लावला आणि नट फिरवायला लागला. तेवढ्यात वारा आला. धूळ नव्हती, आवाज नव्हता, नुसता एक ढकलल्यासारखा वारा. उजवा पंख हलका झाला आणि शहादेवला आपल्या हाताखालच्या जॅकवर वजन वाढल्यासारखं जाणवलं. पलीकडून बंकट ओरडला, "वाटी सुटायली!" उजवी गोटी वाटीच्या काठावर आली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर.

शहादेवनं निवृत्तीचे पाय धरून त्याला बाहेर ओढलं. त्याची पाठ डांबरावर सोलवटली. मग तिघांनी श्वास धरून, केसाएवढा केसाएवढा दाब सोडत, विमान खाली घेतलं. गोटी वाटीच्या काठावरच राहिली, घसरली नाही. का घसरली नाही, हे शहादेवला कधीच सांगता आलं नाही.

तो ठोकळ्यावर बसला. मोहनरावांनी विचारलं, आता? तो म्हणाला, वारा पडल्याशिवाय न्हाई.

तेव्हा गर्दीतून काही जण पुढं आले. पागोटं बांधलेला गहिनीनाथ नावाचा शेतकरी त्यांच्या पुढं होता. त्याची चार जनावरं छावणीत होती. तो म्हणाला, जॅक नको, पन्नास गडी पंखाला खांदा देतो, बैलगाडी उचलतो तसं उचलून धरतो, तुमी चाक बदला. मागं शंभर माणसं तयार उभी होती. काहींनी पायताणं काढून ठेवली होती. सेठना म्हणाले, पंख मोडेल. पण ते इतकं हळू म्हणाले की फक्त शहादेवनं ऐकलं. मग सगळे शहादेवकडं बघायला लागले, कारण सेठनांना दिलेल्या चिठ्ठीनं ते त्याच्यावर सोपवलं होतं.

पन्नास माणसं पंखाखाली, आणि वर हा वारा. शहादेवला चित्र स्पष्ट दिसलं.

"न्हाई," तो म्हणाला. "कुणी खाली जायचं न्हाई."

गहिनीनाथनं त्याला विचारलं, कावून न्हाई? शहादेवनं वारा, पंख, वजन असं काही सांगायला सुरुवात केली, पण वाक्य पुरं झालं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, ओव्हाळाच्या हाती दिलं अन् पाणी गेलं. कोण म्हणालं ते दिसलं नाही. मोहनरावांनी मान वळवून त्या बाजूला पाहिलं, आणि पुन्हा आभाळाकडं.

पावणेचारला ढग डोक्यावर आला. पट्टीवर संध्याकाळसारखा अंधार पडला. छावणीतली जनावरं एकदम हंबरायला लागली. टपोरे थेंब पडले, मोजता येतील इतके. तापलेल्या डांबरावर पडून तिथंच वाळले. माणसं तोंडं वर करून उभी होती. बायांनी लुगड्यांचे पदर पसरले होते. वारा घोंघावत होता आणि विमान आपल्या बसक्या चाकावर डावीकडं कलून उभं होतं. शहादेवनं जॅकच्या दांड्यावर हात ठेवला होता. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. वीस मिनिटांत पश्चिमेकडून उजेड आला, ढग पूर्वेला धर्मापुरीकडं सरकला, आणि त्याची पाठ दिसायला लागली.

लोक निघून गेले. जाताना कुणी शिव्या दिल्या नाहीत. कुणी दिल्या असत्या तर शहादेवला सोपं गेलं असतं.

साडेपाचला वारा साफ पडला. बाभळीचं एक पान हलेना. तेव्हा त्या चौघांनी तेच विमान तीन टप्प्यांत उचललं, गोट्या वाट्यांत नीट बसल्या, ठोकळे बरोबर लागले. निवृत्तीनं चाक उतरवलं. शहादेवनं आधी हवा पूर्ण सोडली, मग बोल्ट काढले, चाकाचे दोन्ही अर्धे वेगळे केले, नवी ट्यूब घातली, टायर बसवला, हवा भरली. नट आवळून नवी खीळ घातली, चाक हातानं फिरवून पाहिलं. आवाज नाही, डुगडुग नाही. चाळीस मिनिटं लागली. चार दिवसांनी परेरा दवाखान्यातून सुटून आला, त्यानं सगळं तपासलं आणि त्याला काही चूक काढता आली नाही.

पण त्या संध्याकाळी काम संपल्यावर शहादेव सेठनांकडं गेला होता. ते पंखाला टेकून उभे होते. त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, साहेब, वर गेला असता, तर पाऊस पडला असता का?

सेठनांनी पूर्वेकडं पाहिलं. मग म्हणाले, "पडला असता असं मी सांगू शकत नाही. नसता पडला असंही नाही. आम्हाला कधीच कळत नाही."

शहादेवला वाटलं होतं, ते काहीतरी एक सांगतील. कुठलंही एक चाललं असतं.

हत्यारं गोळा करताना निवृत्ती त्याच्याजवळ आला. त्याच्या पाठीला हळद लावली होती, तिला सदरा चिकटला होता. गेली अठरा वर्षं ते दोघे एका डब्यात जेवत होते. शहादेवनं पाठ दुखते का विचारलं.

"दुखायचं काय," निवृत्ती म्हणाला. "पर तुमी मला ओढाया न्हाई पायजे होतं, फोरमन. दोन आटे राह्यलते. मी राह्यलो असतो खाली."

शहादेवनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो रागानं बोलत नव्हता. खरंच तसं वाटत होतं त्याला. शहादेवनं पान्हे फडक्यात गुंडाळले, आणि दोघे वर्कशॉपकडं चालत गेले.

त्यानंतर नऊ दिवस विमान धडधाकट चाकांवर उभं राहिलं आणि आभाळात वाटीएवढा ढग आला नाही. धर्मापुरीकडं त्या शुक्रवारी थोडा शिडकावा झाला म्हणून कुणी सांगायचं, कुणी म्हणायचं तिकडंही कोरडाच गेला. दहाव्या दिवशी मुदत संपली. सेठनांनी शहादेवचा हात हातात घेतला, परेरानं त्याला आपला पत्ता लिहून दिला, आणि विमान उडून गेलं. ते बघायला छावणीतली पाच-पन्नास माणसं होती. मोहनराव आले नाहीत. ते शहादेवशी पूर्वीसारखेच बोलत राहिले, कामापुरतं. छबुबाईनं घरी एकदाच विषय काढला. तिनं विचारलं, निवृत्ती जिता हाय ना? तो म्हणाला, हाय. मग झालं, असं म्हणून ती घागरी घेऊन बाहेर पडली. पण रांगेत तिला कोण काय बोलतं, हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावातली चतुराबाई वस्तीवर आली. सत्तरीची म्हातारी, एकटीच राहायची. देवळामागचा हातपंप बिघडलाय, तेवढा बघ, म्हणाली. हातपंप दुरुस्त करणं पंचायतीचं काम, पण पंचायतीचा माणूस महिनाभर आला नव्हता. शहादेव निवृत्तीला घेऊन गेला. दोघांनी पंपाचं डोकं उतरवलं, साखळी पाहिली, एकेक करत सगळे पाइप वर ओढले. वायसर नव्या होत्या. दांड्याला गंज नव्हता. शेवटचा पाइप वर आला तो तळापर्यंत कोरडा, आतून धूळ निघाली.

चतुराबाई पारावर बसून बघत होती. दोन घागरी तिनं शेजारी मांडून ठेवल्या होत्या.

"काय मोडलंय रं?" तिनं विचारलं.

"मोडलं काई न्हाई, आज्जे," शहादेव म्हणाला. "पंप चांगला हाय."

म्हातारीला ते पटलं नाही. ती म्हणाली, मग परत बसव, पुन्यांदा हापसून बघू. शहादेवनं निवृत्तीकडं पाहिलं. ऊन चढलं होतं. निवृत्तीनं पहिला पाइप उचलला आणि भोकात सोडला, आणि शहादेवनं तो वरून धरला.